राष्ट्रीय मानवी हक्क संस्था आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राष्ट्रीय मानवी हक्क संस्था म्हणजे नेमके काय? ती सरकारी असते की बिनसरकारी?

दोन्ही नाही, आणि बराचसा घोळ इथूनच सुरू होतो. ती कायद्याने किंवा राज्यघटनेने स्थापन झालेली असते आणि सरकारी तिजोरीतून चालते. तरीही सरकारवरच लक्ष ठेवणे हे तिचे काम असते. ज्याच्याकडून पगार घ्यायचा, त्यालाच जाब विचारायचा. ही कसरत जमावी म्हणून तिच्या नेमणुका, मुदत, बजेट आणि अधिकार यांना कायद्याचे कुंपण लागते.

रूपे वेगवेगळी असतात. भारत, नेपाळ, फिलिपाइन्स, दक्षिण आफ्रिका इथे आयोग आहेत. स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत लोकपालाच्या धर्तीवरची कार्यालये आहेत. जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये संशोधनावर भर देणाऱ्या संस्था आहेत. फ्रान्सची सल्लागार समिती तर थेट १९४७ची. ही कल्पनाही त्याच काळातली. १९४६ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने सदस्य देशांना आपापल्या देशात मानवी हक्कांसाठी स्थानिक समित्या किंवा माहिती गट नेमण्याचा विचार करायला सुचवले होते. त्या सूचनेला खरे अंगबळ यायला पुढे साडेचार दशके लागली.

न्यायालये आहेत, मग आणखी एक संस्था कशाला?

न्यायालय समोर आलेल्या खटल्याचा निकाल देते. ही संस्था तक्रार नसतानाही तुरुंगात जाऊन पाहू शकते, विधेयकावर मत देऊ शकते, एखाद्या प्रश्नाची देशभर जाहीर चौकशी करू शकते. तिच्याकडे जायला वकील लागत नाही. बहुतेक ठिकाणी तिच्या शिफारशी बंधनकारक नसतात, हा मोठा उणेपणा खरा. पण त्यामुळेच शिफारशीमागची तिची पत फार महत्त्वाची ठरते.

पॅरिस तत्त्वे म्हणजे काय?

ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसमध्ये एक कार्यशाळा झाली. अशी संस्था कशी असावी, याची किमान चौकट तिथे आखली गेली. १९९३ मध्ये व्हिएन्नाच्या जागतिक परिषदेत या संस्थांचे महत्त्व ठळकपणे मांडले गेले आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ४८/१३४ हा ठराव करून ती चौकट मान्य केली.

मजकूर फार मोठा नाही. अधिकारक्षेत्र शक्य तितके व्यापक आणि कायद्यात लिहिलेले असावे. रचनेत समाजातले वेगवेगळे घटक असावेत. सदस्यांची मुदत निश्चित असावी. स्वतःची जागा, स्वतःचे कर्मचारी आणि पुरेसा पैसा असावा, म्हणजे सरकारच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. तक्रारी ऐकण्याचा अर्धन्यायिक, म्हणजे न्यायालयासारखा, अधिकार मात्र या चौकटीत ऐच्छिक आहे. त्यामुळे जी संस्था तक्रारी घेत नाही ती बोगस, हा समज चुकीचा आहे.

बाहेरच्यांनी यात पडायचे कारण काय? देशाची संस्था देशाने सांभाळावी.

सांभाळावीच. अडचण अशी की या संस्थेला देशात नैसर्गिक मित्र कमी असतात. सरकारला ती टोचते, विरोधकांना स्वतः सत्तेत येईपर्यंतच ती आवडते, पोलीस आणि लष्कराला तिचे प्रश्न नकोसे असतात. स्वयंसेवी संघटनांना ती फार मवाळ वाटते. अशा एकट्या पडलेल्या संस्थेला आपल्यासारखेच काम करणारे लोक दुसऱ्या देशांतच सापडतात.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. स्थलांतरित मजूर, सीमेपलीकडे होणारी माणसांची विक्री, अनेक देशांत कारभार असलेल्या कंपन्या यांतला कुठलाच प्रश्न एका देशाच्या हद्दीत मावत नाही.

सहकार्य नेमके कोणाकोणामध्ये होते?

मध्यवर्ती जागा आहे ती राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांच्या जागतिक आघाडीची. ‘गॅनरी’ या लघुनावाने ती ओळखली जाते. १९९३ मध्ये समन्वय समिती म्हणून ती सुरू झाली आणि २०१६ मध्ये तिने आजचे नाव घेतले. तिची नोंदणी स्विस कायद्याखाली आहे आणि कार्यालय जिनिव्हात. तिच्याखाली चार प्रादेशिक जाळी आहेत. आशिया-पॅसिफिकसाठी सिडनीहून चालणारा एशिया पॅसिफिक फोरम, आफ्रिकेसाठी नैरोबीत, युरोपसाठी ब्रुसेल्समध्ये आणि चौथे अमेरिका खंडांसाठी. सोबत संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालय आणि विकास कार्यक्रम आहेत. या दोघांची गॅनरीशी २०११ पासून त्रिपक्षीय भागीदारी आहे. शिवाय काही देशांच्या संस्था स्वतःच दुसऱ्यांना हात देतात. डेन्मार्कच्या संस्थेचा परदेशी कामाचा विभाग बराच मोठा आहे.

‘अ’ आणि ‘ब’ दर्जा कोण ठरवते? आतमध्ये प्रत्यक्ष काय होते?

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्या सहकार्यात खरे दात असलेला भाग हाच आहे.

गॅनरीची एक मानांकन उपसमिती असते. तिच्यात चारच सदस्य असतात, प्रत्येक प्रदेशातून एक. हे चौघे म्हणजे ‘अ’ दर्जा असलेल्या संस्थाच. इथे सरकारे मत देत नाहीत आणि संयुक्त राष्ट्रांचे अधिकारीही देत नाहीत. उच्चायुक्त कार्यालय फक्त सचिवालयाचे काम पाहते. थोडक्यात, आयोगांची परीक्षा आयोगच घेतात. पॅरिस तत्त्वे पूर्ण पाळणाऱ्याला ‘अ’, काही अंशी पाळणाऱ्याला ‘ब’. दर पाच वर्षांनी परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

संस्थेला स्थापनेचा कायदा, वार्षिक अहवाल, बजेटचे तपशील, कर्मचाऱ्यांचा आराखडा आणि आपण तत्त्वे कशी पाळतो याचे निवेदन पाठवावे लागते. बाहेरून आलेली माहितीही त्याच फाईलला जोडली जाते. संघटनांची पत्रे, संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांची निरीक्षणे, सगळे. सचिवालय त्याचा गोषवारा करून आधी संस्थेलाच दाखवते. मग बैठकीच्या दिवशी उपसमिती संस्थेच्या अध्यक्षांशी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांशी थेट बोलते. प्रश्न गुळमुळीत नसतात. शेवटच्या नेमणुकीची जाहिरात कुठे दिली होती? अर्ज किती आले? निवड समितीत सरकारबाहेरचे कोण होते? मुख्य अधिकारी सरकारी खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेला आहे का, आणि मुदत संपल्यावर तो त्याच खात्यात परत जाणार आहे का? आंदोलनात गोळीबार झाला तेव्हा तुम्ही कुठल्या तारखेला काय म्हणालात?

या शेवटच्या प्रश्नावर भलेभले अडखळतात. कायदा कितीही देखणा असला तरी संकटाच्या आठवड्यात संस्था गप्प बसली असेल, तर ते कागदावर दिसते.

दर्जा खाली आणण्याची शिफारस झाली तर ती लगेच लागू होत नाही. आपण अजूनही तत्त्वे पाळतो हे कागदपत्रांनिशी दाखवायला संस्थेला वर्षभराची मुदत मिळते. निर्णय पुढे ढकलणे, म्हणजे ‘आधी हे दुरुस्त करा, मग पाहू’, हाही एक मार्ग आहे. मध्येच काही गंभीर घडले तर पाच वर्षे न थांबता विशेष आढावा सुरू करता येतो.

‘अ’ दर्जा गेला तर बिघडते काय? शेवटी एक अक्षरच तर आहे.

‘अ’ दर्जाच्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत स्वतःच्या नावाने बोलता येते. देशाचा सार्वत्रिक नियतकालिक आढावा, म्हणजे तिथल्या मानवी हक्कांच्या स्थितीची ठरावीक काळाने होणारी तपासणी, परिषदेसमोर मंजुरीला येतो तेव्हा सरकारच्या पाठोपाठ तिला बोलायची संधी मिळते. म्हणजे मंत्री ‘सर्व आलबेल’ सांगून बसतो न बसतो तोच त्याच्याच देशाची संस्था आकडे घेऊन उभी राहू शकते. गॅनरीत मताचा अधिकारही ‘अ’लाच. ‘ब’ झाल्यावर हे जाते.

त्यापेक्षा मोठी झळ देशाच्या अब्रूला बसते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला १६.क.१ हा निर्देशांक अशी स्वतंत्र संस्था आहे की नाही हेच मोजतो. त्यामुळे अक्षर बदलले की परराष्ट्र खात्याला उत्तरे द्यावी लागतात. ज्या सरकारला आयोगाच्या शंभर पत्रांनी जाग येत नाही, त्याला या एका अक्षराने येते.

या भीतीने कुठे खरोखर सुधारणा झाली आहे का?

झाली आहे, आणि सगळ्यात साफ उदाहरण मलेशियाचे. २००८ मध्ये उपसमितीने तिथल्या ‘सुहाकाम’ आयोगाला दर्जा घटवण्याची पूर्वसूचना दिली. सदस्यांची मुदत जेमतेम दोन वर्षांची होती आणि निवड पंतप्रधानांच्या सल्ल्यावर चालायची. २००९ मध्ये कायदा बदलला, मुदत तीन वर्षांची झाली, निवड समिती आली, दर्जा टिकला. दक्षिण कोरियाच्या आयोगाच्या दर्जाचा निर्णय तीनदा लांबणीवर पडला. सदस्य निवडायची पद्धत कायद्यात स्पष्ट नाही, हा मुख्य आक्षेप होता. २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ‘अ’ कायम राहिला.

नायजेरियाची वाट जास्त खडतर होती. २००६ मध्ये आयोगाच्या कार्यकारी सचिवाला मुदतीआधीच हटवले गेले आणि २००७ मध्ये दर्जा ‘ब’वर आला. पुढे कायद्याने आयोगाचे स्वातंत्र्य बळकट केले आणि २०११ मध्ये ‘अ’ परत मिळाला. थायलंडला २०१५ मध्ये दर्जा गमवावा लागला. निवडपद्धतीवर आक्षेप होताच, शिवाय २०१०च्या आंदोलनातल्या हिंसाचारावरचा आयोगाचा अहवाल यायला तीन वर्षे लागली होती. ‘अ’ परत मिळाला तो २०२२ मध्ये.

हे फक्त गरीब किंवा अस्थिर देशांचे दुखणे आहे असे वाटत असेल तर नॉर्वे पाहा. तिथे ओस्लो विद्यापीठातले एक केंद्र ही जबाबदारी सांभाळत होते. काम विद्वत्तेचे, पण रचना तत्त्वांत बसणारी नव्हती म्हणून ‘ब’ मिळाला. नॉर्वेने वाद न घालता २०१५ मध्ये संसदेच्या अखत्यारीत नवी संस्था उभी केली आणि २०१७ मध्ये ‘अ’ मिळवला.

आता दुसरी बाजू. श्रीलंकेत २००७ मध्ये दर्जा गेला, कारण नेमणुकांची शिफारस करणाऱ्या घटना परिषदेला बाजूला ठेवून राष्ट्राध्यक्षांनी थेट नेमणुका केल्या होत्या. २०१५च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने ती पद्धत सुधारली आणि २०१८ मध्ये ‘अ’ परत आला. मग २०२०च्या विसाव्या दुरुस्तीने नेमणुकांची सूत्रे पुन्हा राष्ट्राध्यक्षांकडे गेली आणि उपसमितीला पुन्हा फाईल उघडावी लागली. दर्जा म्हणजे पक्के बांधकाम नव्हे, एवढे यातून कळते. हंगेरीच्या मूलभूत हक्क आयुक्तांचे कार्यालय तर २०२२ मध्ये युरोपियन युनियनचे सदस्यत्व असतानाही ‘ब’वर आले. ज्या सरकारला बाहेरच्या टीकेची पर्वाच नाही, तिथे हे हत्यार बोथट पडते.

भारताच्या आयोगाबद्दल काय?

भारताचा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १२ ऑक्टोबर १९९३ रोजी, १९९३च्याच मानवी हक्क संरक्षण कायद्याखाली स्थापन झाला. म्हणजे आमसभेच्या ठरावाच्याही दोन महिने आधी. १९९९ मध्ये त्याला ‘अ’ दर्जा मिळाला. २०१६ मध्ये निर्णय लांबणीवर पडला आणि २०१७ मध्ये ‘अ’ कायम झाला. २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा लांबणीवर, आणि मार्च २०२५ च्या बैठकीत उपसमितीने ‘ब’ची शिफारस केली.

आक्षेप वर्षानुवर्षे तेच आहेत. आयोगाच्या तपास शाखेत पोलीस अधिकारी प्रतिनियुक्तीवर येतात. तक्रारी पोलिसांविरुद्धच्या असतील तर तपासही पोलिसांनीच करायचा, हे उपसमितीला पटत नाही. महासचिव सरकारी सेवेतून येतो. सदस्यांत स्त्रिया आणि समाजातले विविध गट पुरेसे दिसत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीने किमान एक महिला सदस्य बंधनकारक झाली, पण त्याच दुरुस्तीने मुदत पाच वर्षांवरून तीनवर आणली. मलेशियाने दोनाची तीन केली तेव्हा ती सुधारणा होती. पाचाची तीन ही उलट दिशेची चाल आहे, असे माझे मत.

परदेशी मदत घेतली की संस्था परक्यांच्या हातात जाते, हे खरे का?

शंका रास्त आहे आणि खुद्द मानांकनाच्या नियमांनीच तिची दखल घेतली आहे. उपसमितीच्या सर्वसाधारण निरीक्षणांत स्पष्ट म्हटले आहे की मूळ खर्च, म्हणजे जागा, पगार, रोजचे कामकाज, ही सरकारची जबाबदारी आहे. देणगीदारांच्या पैशावर संस्थेचा गाडा चालता कामा नये. त्याच वेळी बाहेरचा निधी घ्यायला सरकारची परवानगी लागू नये, असेही तिथे आहे.

प्रत्यक्षात गडबड कशी होते ते पाहा. समजा एखाद्या नव्या आयोगाला सरकार पगारापुरते पैसे देते आणि देणगीदार येतो तीन वर्षांचा मानवी तस्करीविरोधी प्रकल्प घेऊन. आठ जणांची कंत्राटी भरती होते, चांगला पगार मिळतो, गाड्या येतात. कायम कर्मचारी कुरकुरतात, कारण त्यांचा पगार निम्मा असतो. कोठडीतल्या मारहाणीच्या तक्रारी धूळ खात पडतात, कारण त्या कुठल्याच प्रकल्पात बसत नाहीत. तीन वर्षांनी प्रकल्प संपतो, आठही जण नोकरी सोडून दुसऱ्या प्रकल्पावर जातात आणि आयोगाकडे उरतो एक गुळगुळीत अहवाल. दरम्यान अर्थमंत्रालय म्हणते, ‘यांना बाहेरून मिळतेच आहे की,’ आणि तरतूद आणखी कापते.

म्हणून शहाणे देणगीदार संस्थेच्या स्वतःच्या पाच वर्षांच्या आराखड्याला एकत्रित निधी देतात, आणि देताना सरकारनेही आपला वाटा दरवर्षी वाढवावा अशी अट घालतात. असे देणगीदार थोडेच असतात. बाकीच्यांना फीत कापायला काहीतरी हवे असते.

प्रशिक्षणांचा खरोखर उपयोग होतो का?

कुठल्या, यावर अवलंबून आहे. पंचतारांकित हॉटेलातल्या दोन दिवसांच्या ओळखपर कार्यशाळांबद्दल न बोललेलेच बरे.

कामाची वाटते ती एशिया पॅसिफिक फोरमने २००८च्या सुमारास सुरू केलेली क्षमता तपासणीची पद्धत. बाहेरून आलेले पथक निकाल देत नाही. संस्थेच्या कर्मचाऱ्यांशी, शिपायापासून अध्यक्षांपर्यंत, ते बोलते. मग कोणत्या क्षमता महत्त्वाच्या, आज आपण त्यांत कुठे आहोत आणि पाच वर्षांनी कुठे असायला हवे, हे कर्मचारीच प्रश्नावलीत आकडे भरून सांगतात. अध्यक्षांनी ‘तक्रार निवारण’ला भरघोस गुण दिलेले असतात आणि ज्या टेबलावर तक्रारी येतात तिथल्या माणसाने जेमतेम काठावरचे. ही तफावत समोर ठेवली की खोलीतली हवा बदलते. बाहेरच्या माणसाने हेच सांगितले असते तर ‘यांना इथले काय कळते’ म्हणून विषय संपला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे कसब एका देशातून दुसऱ्या देशात जाणे. ऑस्ट्रेलियाच्या आयोगाने १९८०च्या दशकाच्या शेवटी बेघर मुलांच्या प्रश्नावर राष्ट्रीय चौकशी केली. सुटी तक्रार हातात न घेता एका मोठ्या प्रश्नावर गावोगावी जाहीर सुनावण्या घ्यायच्या, पीडित, अधिकारी आणि तज्ज्ञ सगळ्यांना एकाच मंचावर ऐकायचे, असे तिचे स्वरूप होते. प्रादेशिक जाळ्यातून हे तंत्र पसरले. मलेशियाच्या आयोगाने आदिवासींच्या जमीनहक्कांवर अशी चौकशी करून २०१३ मध्ये अहवाल दिला. लगोलग २०१४ मध्ये इंडोनेशियाच्या ‘कोम्नास हाम’ने वनक्षेत्रातल्या आदिवासी समूहांच्या हक्कांवर चौकशी केली. ज्यांनी स्वतः सुनावण्या घेतल्या होत्या तेच शेजाऱ्याला शिकवायला बसतात, साक्षीदाराला संरक्षण कसे द्यायचे, वनखात्याचा अधिकारी आलाच नाही तर काय करायचे, इथपर्यंत. असे शिकवणे पुस्तकात मिळत नाही.

दोन देशांच्या संस्था थेट एकमेकींबरोबर काम करू शकतात का?

करतात. मजुरांचे उदाहरण घेऊ. परदेशी गेलेल्या कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला आहे, पाच महिने पगार नाही. त्याची बायको मायदेशी आयोगाकडे अर्ज देते. आयोगाची हद्द सीमेवर संपते. दूतावासाला पत्र जाते, तिथून ‘कार्यवाही चालू आहे’ असे छापील उत्तर येते. पण त्या देशातल्या मानवी हक्क संस्थेशी करार असेल तर तक्रार तिकडच्या नेमलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचते आणि तो स्थानिक कामगार कार्यालयात फोन करू शकतो. नेपाळ आणि कतारच्या संस्थांमध्ये अशाच हेतूने करार झाला. यात एक अट निर्णायक ठरते: दोन्हीकडे नाव आणि फोन असलेला माणूस नेमलेला हवा. नाहीतर करार भिंतीवरच्या चौकटीत राहतो.

आयर्लंड बेटावरचा प्रकार वेगळाच. १९९८च्या गुड फ्रायडे करारातच उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक, दोन्हीकडच्या मानवी हक्क आयोगांची संयुक्त समिती असावी असे नमूद आहे. शांतता कराराने दोन आयोगांना एकत्र बसायला सांगितले, आणि ब्रेक्झिटनंतर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या हक्कांवर नजर ठेवताना त्याचा उपयोग होतो आहे.

सगळ्यात धाडसी काम मात्र फिलिपाइन्सच्या आयोगाचे. २०१३च्या हैयान वादळानंतर, २०१५ मध्ये वादळग्रस्त आणि पर्यावरण संघटनांनी ४७ बड्या तेल, कोळसा आणि सिमेंट कंपन्यांविरुद्ध अर्ज केला. तुमच्या उत्सर्जनामुळे आमच्या हक्कांवर गदा आली, असे त्यांचे म्हणणे. बहुतेक कंपन्यांची मुख्यालये परदेशात, आणि अनेकींनी आयोगाला अधिकारच नाही असा पवित्रा घेतला. आयोगाने तरीही सुनावण्या घेतल्या. २०१८ मध्ये मनिलाबरोबर न्यू यॉर्क आणि लंडनमध्येही. २०२२च्या अहवालात या कंपन्यांची जबाबदारी त्याने अधोरेखित केली. निकाल बंधनकारक नाही. पण परदेशातली विद्यापीठे, शास्त्रज्ञ आणि वकील यांच्या मदतीशिवाय एवढ्या लहान आयोगाला हे झेपलेच नसते.

हा देशाच्या सार्वभौमत्वात हस्तक्षेप नाही का?

पॅरिस तत्त्वे कुठल्याही देशावर लादलेला करार नाही. मानांकनासाठी अर्ज संस्था स्वतः करते. कुठले रूप घ्यायचे ते प्रत्येक देशाने ठरवावे, हे १९९३च्या व्हिएन्ना जाहीरनाम्यातच मान्य केले आहे. शिवाय काही करारांत देशांनी स्वतःहून अशा यंत्रणेची जबाबदारी घेतली आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचे कलम ३३ स्वतंत्र देखरेख यंत्रणा मागते आणि छळविरोधी कराराला जोडलेला ऐच्छिक पूरक करार तुरुंगांना भेटी देणारी राष्ट्रीय यंत्रणा मागतो. सही करून मग हस्तक्षेपाची ओरड करणे जमत नाही.

निवडक नजरेचा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. अमेरिका, चीन, जपान, इटली या देशांत मानांकित संस्थाच नाही. जो परीक्षेलाच बसत नाही तो नापासही होत नाही, आणि जो बसतो त्याचीच बातमी होते. ही विषमता खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून गैरहजरांना परीक्षेत आणावे लागेल.

जगात अशा किती संस्था आहेत?

मानांकित ११०हून अधिक. त्यांतल्या साधारण ९० ‘अ’ दर्जाच्या.

सरकारनेच संस्थेवर घाव घातला तर बाहेरच्यांना काही करता येते का?

थोडे. सप्टेंबर २०१७ मध्ये फिलिपाइन्सच्या कनिष्ठ सभागृहाने ११९ विरुद्ध ३२ मतांनी आयोगाचे पुढच्या वर्षाचे बजेट १,००० पेसोंवर आणले. हजार पेसोंत कार्यालयाचे विजेचे बिलही भागत नाही. देशात आणि देशाबाहेर ओरड झाली आणि तरतूद पूर्ववत करावी लागली. तिथे संसद होती, वर्तमानपत्रे होती, सिनेट होते. बाहेरचा आवाज आतल्या आवाजाला जोडला गेला म्हणून जमले.

अफगाणिस्तानात असे काहीच उरले नव्हते. तालिबानची पहिली सत्ता गेल्यावर झालेल्या बॉन करारानंतर २००२ मध्ये उभा राहिलेला तिथला स्वतंत्र आयोग अनेक वर्षे नागरिकांच्या मृत्यूंची नोंद ठेवत होता. मे २०२२ मध्ये तालिबानने बजेट तुटीचे कारण देऊन तो बरखास्त केला. अशा वेळी सहकार्याचा अर्थ अगदी मूलभूत होतो. माणसांना बाहेर काढणे, त्यांना आसरा देणे, नोंदी सुरक्षित ठेवणे. यासाठी प्रादेशिक जाळ्यांकडे आधीपासून योजना आणि पैसा हवा. संकट आल्यावर बैठक बोलावून उपयोग नाही.

संघटना, वकील, पत्रकार यांना या प्रक्रियेत काही करता येते का?

हो, आणि हे फार कमी जणांना ठाऊक असते. तुमच्या देशाच्या संस्थेचा आढावा कोणत्या बैठकीत आहे ते गॅनरी आधी जाहीर करते. बैठकीच्या किमान चार महिने आधी कोणतीही संघटना आपली माहिती लेखी पाठवू शकते. ‘आयोग निष्क्रिय आहे’ अशी वाक्ये टाकू नका, ती कुणी वाचत नाही. अमुक तारखेला तक्रार दिली, अमुक तारखेला क्रमांक मिळाला, त्यानंतर इतके महिने उत्तर नाही, सोबत पोच जोडली आहे, असे लिहा. निवडीची जाहिरात निघाली नसेल तर तेही लिहा. आणि संस्थेने एखादे काम धीटपणे केले असेल तर तेही आवर्जून कळवा, कारण आतल्या प्रामाणिक अधिकाऱ्यांना सरकारसमोर तोच कागद ढालीसारखा वापरता येतो. उपसमितीचे अहवाल जाहीर असतात. मागच्या वेळी काय सुधारायला सांगितले होते ते काढा आणि आजची स्थिती त्याच्या शेजारी मांडा. संपादकाला बातमी हवी असेल तर ती बहुतेक वेळा या दोन रकान्यांच्या मध्ये सापडते.